द्वितीया कोणत्या पाठाची? दैनंदिन माहितीची साधने आणि त्यांचे अद्ययावतीकरण

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे भाद्रपद शुद्ध द्वितीया या तिथीला वेगळे महत्त्व आहे. महानुभाव पंथ हा श्रीचक्रधरस्वामींचा अवतारदिन मानतो. ही तिथी यंदा कोणत्या दिवशी येते, त्या दिवशी सूर्योदय केव्हा, मोर्शीकडे पाऊस आहे काय, अशा प्रश्नांसाठी एके काळी भिंतीवरची दिनदर्शिका, आकाशवाणीच्या बातम्या आणि गावातील जाणता माणूस एवढी साधने पुरत. आता हेच प्रश्न मोबाइलला विचारले जातात आणि उत्तर क्षणात मिळते. या साधनांपैकी अधिक अचूक कोणते, असा प्रश्न सहसा केला जातो. त्याआधी विचारावयाचा प्रश्न दुसराच आहे : मिळालेले उत्तर केव्हाचे आणि कोणाच्या आधाराचे? हा मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. म्हणूनच तो मराठीच्या अभ्यासकाला परका नाही.

छापील पंचांगापासून आरंभ करणे सोयीचे. पंचांग आपली ओळख मुखपृष्ठावरच देते. त्यावर शके असतो, संवत्सराचे नाव असते, गणित कोणत्या पक्षाचे आणि कोणत्या स्थळासाठी केले हेही आत नमूद असते. भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगाचे गणित ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरील मध्यवर्ती स्थानासाठी असते. टिळक पंचांग आणि चित्रापक्षीय पंचांगे यांच्या अयनांशात सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळे काही वर्षी अधिक मासच वेगळा येतो आणि सणही महिनाभराने सरकतात. हा मतभेद आहे, पण तो उघड आहे. वाचकाला आपण कोणत्या पक्षाचे पंचांग वापरतो हे ठाऊक असते. जयंतराव साळगांवकर यांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केल्यानंतर हे ज्ञान स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले, तरी ते वर्षाच्या आकड्याशी बांधलेलेच राहिले.

या बांधलेपणाची किंमत अर्थातच मोजावी लागते. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी होणार, हे त्या वर्षी १५ ऑक्टोबरला जाहीर झाले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला ते कळण्याचा मार्ग नव्हता. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची ३ ऑक्टोबर २०२४ ची नोंदही त्या वर्षीच्या छापील पानावर सापडणार नाही. मात्र जुने पान जसेच्या तसे राहते. पुढे एखाद्या संशोधकाला २०२४ च्या आरंभी लोकांना काय ठाऊक होते हे पाहावयाचे असेल, तर ते पान साक्ष देईल.

मोबाइलवरील साधनांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला, एकाच कामासाठी केलेले ॲप. २०१९ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी मिळून आणलेले 'मेघदूत' हे त्याचे चांगले उदाहरण. (कालिदासाच्या काव्याचे नाव येथे शोभते, त्यातही मेघ निरोपच नेतो.) त्यातील जिल्हानिहाय कृषिसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवा होतो, अशी योजना आहे. वऱ्हाडातील संत्र्याच्या वा कपाशीच्या शेतकऱ्याला फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे हे ठरवायचे असते. त्याच्या दृष्टीने सल्ल्याचा वार हाच सल्ल्याचा प्राण होय. परंतु सल्ला आपोआप नवा होत नाही. तो कोणीतरी लिहावा लागतो. जिल्हा पातळीवरील कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये देशभर बंद करण्यात आली, तेव्हा अद्ययावतीकरण ही यंत्रापेक्षा माणसांच्या नेमणुकीची बाब आहे हे स्पष्ट झाले.

दुसरा प्रकार बोलणाऱ्या मदतनीसाचा. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला. जेमिनीचे ॲप जून २०२४ मध्ये भारतात आले तेव्हा त्यातील नऊ भारतीय भाषांत मराठी होती. आणि मोबाइलवर असिस्टंटची जागा जेमिनी घेईल, असे गूगलने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे माहिती तर बदलतेच, माहिती सांगणाराही बदलतो. या साधनात नवेपणाचे तीन थर असतात. ॲपची आवृत्ती बदलते, तिला क्रमांक असतो. हवामान, घड्याळ, नकाशा यांची माहिती दूरच्या संगणकावरून त्या त्या क्षणी येते. तिसरा थर भाषा-प्रतिमानाचा. ते एका ठरावीक काळापर्यंतच्या मजकुरावर घडविलेले असते आणि बाहेरून ताजी माहिती आणली नाही, तर जुन्याच साठ्यातून तितक्याच आत्मविश्वासाने बोलते. तिन्ही थरांतील मजकूर एकाच आवाजात, एकाच वाक्यात येतो. घोटाळा होतो तो येथे.

तिथीचेच पाहावे. सामान्यतः सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. रिद्धपूर मुंबईच्या पूर्वेस सुमारे पाच अंश आहे. एका अंशास चार मिनिटे धरली, तर रेखांशामुळेच तेथे सूर्य सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो. द्वितीया या वीस मिनिटांत सुरू झाली, तर मुंबईच्या आणि रिद्धपूरच्या गणिताने दिवस वेगळा येईल. मदतनीस सूर्योदय गावचा सांगतो. तिथी मात्र उज्जैनसाठी किंवा दिल्लीसाठी केलेल्या पानावरून उचललेली असू शकते. शिवाय उत्तरेकडील महिने पौर्णिमान्त असतात. मराठी पंचांगातील श्रावण वद्य अष्टमी तिकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. प्रश्न मराठीत आणि उत्तर हिंदी प्रदेशाच्या पंचांगातले, असे झाले तर दोन्ही बरोबर असूनही विचारणारा फसतो.

या ठिकाणी रिद्धपूरच्या ग्रंथपरंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मूळ प्रत धाडीत नाहीशी झाल्यावर शिष्यांनी स्मरणाने पाठ पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. हेही अद्ययावतीकरणच. पण दोन आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा एक पुसून दुसरी ठेवली गेली नाही. 'वासना', 'शोध' अशा खुणांनी, कोणाची आठवण ते सांगून, दोन्ही नोंदविल्या गेल्या. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना चिकित्सा करता आली ती अशा नोंदी शिल्लक होत्या म्हणून. मदतनीसाच्या कालच्या उत्तराची अशी खूण उरत नाही. आजचे उत्तर कालच्यापेक्षा वेगळे आले, तर का बदलले हे विचारण्याची जागाच त्यात ठेवलेली नाही.

तेव्हा प्रबंधात वा लेखात अशा उत्तराचा आधार घ्यावयाचा असल्यास विद्यार्थ्याने त्याला हस्तलिखितासारखे वागवावे. प्रश्नाचे नेमके शब्द, ॲपचे नाव व आवृत्ती, दिनांक, वेळ, विचारण्याचे स्थळ आणि उत्तराचा पूर्ण मजकूर, एवढे उतरून घ्यावे. शक्य तर तोच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारून दुसरा पाठ शेजारी लिहावा. तिथीचा प्रश्न असेल, तर त्या वर्षाचे छापील पंचांग जवळ ठेवावे आणि ते कोणत्या पक्षाचे हेही नोंदवावे.