तळ्याकाठून शिवथरला

तळी आणि बर्फाची शिखरं पाहायची तर काश्मीरला जावं, पैसे जास्त असतील तर स्वित्झर्लंडला, ही समजूत आपल्याला हिंदी सिनेमानं करून दिली. पण तळ्याकाठून डोंगरात शिरणारा एक देखणा रस्ता पुण्याहून एका दिवसाच्या टप्प्यात आहे. बर्फ तेवढा नाही. त्याच्याऐवजी पावसाळा सरताना कोकणातून वर चढणारे ढग आहेत. सकाळी ते सह्याद्रीच्या माथ्यावर असे पसरून बसलेले असतात की घरातल्या धाकट्यांना बर्फ म्हणून खपवावेत. भोरवरून वरंधा घाटानं महाडकडे उतरणारा हा रस्ता. आपल्याला मात्र महाडच्या अलीकडेच, शिवथरला थांबायचं आहे.

सातारा रस्त्यावर कापूरहोळला उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात भाटघरचं पाणी भेटतं. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२७ साली पुरं झालं. बारामती-फलटणकडचा ऊस ज्या नीरा कालव्यांवर पोसला, त्यांच्यामागे हे पाणी आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जलाशयातून कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर येतं, आणि पावसाबरोबर पुन्हा बुडतं. काठावर उभं राहून फोटो काढताना एवढं ध्यानात असावं, की या निळाईखाली कुणाची तरी शेतं आहेत.

भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे. आपण पाहिलेल्या निदान दोन-चार सिनेमांत तो असतोच. पुढं हिरडस मावळ सुरू होतं आणि लागतो नीरा-देवघरचा जलाशय. रस्ता बराच वेळ त्याची सोबत सोडत नाही. एका वळणाला पाणी खाली दिसेनासं होतं, दुसऱ्या वळणाला आख्ख्या डोंगराचं प्रतिबिंब घेऊन समोर येतं. इथं गाडी हळू चालवावी. मागच्या सीटवरचं कुणीतरी 'थांबा, थांबा' म्हणणारच असतं.

घाटमाथ्यावर एक गंमत मुलांना जरूर सांगावी. अलीकडे पडलेला थेंब नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडे पडलेला सावित्रीतून बाणकोटला अरबी समुद्र गाठतो. दोन समुद्रांची वाटणी एका डोंगराच्या धारेवर होते. कावळ्या किल्ल्याचा डोंगर फोडूनच इथं रस्ता काढलेला आहे. जवळच वाघजाईचं देऊळ, चहा-भज्यांच्या टपऱ्या, आणि त्या भज्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. समोर एकदम तुटलेले कडे आणि खोल खाली कोकण.

आता थोडं कडू बोलायला हवं. धबधबे पाहायचे म्हणून बरीच मंडळी इथं ऐन जुलैत येऊ पाहतात. गेल्या काही पावसाळ्यांत हा घाट जड वाहनांना बंद ठेवला गेला, आणि अतिवृष्टीचा इशारा असला की सगळ्यांनाच. अडथळा बाजूला सारून गाडी पुढं काढण्यात मर्दुमकी वाटणारे असतात. त्यांनी २२ जुलै २०२१ आठवावा. महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, महाड बुडालं, आणि याच डोंगरांच्या पायथ्याच्या तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही त्याच पावसात डोंगर खचला. काळ्या खडकावरचा मातीचा थर पाणी पिऊन जड होतो, आणि उतारावर तो धरून ठेवणारं काही उरलं नाही की एकदम सुटतो. आपण पाहायला येतो तेच पाणी, तीच माती. त्या वाड्यांतल्या माणसांना मात्र पाऊस वाढला म्हणून परत फिरता येत नाही. त्यांचं घरच तिथं आहे.

तेव्हा ऑक्टोबर धरावा. पाऊस थांबलेला, घाट खुला, जलाशय काठोकाठ, गवत अजून हिरवं आणि ढग सकाळपुरते मुक्कामाला. पावसातलाच धबधबा हवा असेल तर घाटाच्या नादी न लागता हवामान पाहून महाडच्या बाजूनं यावं.

घाट उतरला की माझेरी, मग बारसगाव. तिथून फाटा शिवथरकडे आत जातो. कसबे, आंबे आणि कुंभे अशी तीन शिवथरं आहेत, त्यामुळे वाट विचारताना 'घळ' म्हणावं. समर्थ रामदासांनी सांगावा आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावा, असा दासबोध इथं आकाराला आला, ही श्रद्धा. वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या. नंतर ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती १९३० मध्ये शोधून काढली.

पायऱ्या चढून आत गेलं की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. शेजारीच वरून पाणी कोसळत असतं. भर पावसात त्याच्या आवाजापुढं दोन माणसांचं बोलणं होत नाही. ऑक्टोबरात धार बारीक झालेली असते आणि आजोबांनी हळू आवाजात म्हटलेला श्लोक नातवाला ऐकू येतो. तासभर तरी बसावं. परतताना घाट उजेडीच चढावा. अंधार पडला की धुकं उतरतं आणि वाघजाईजवळच्या टपऱ्याही आवरलेल्या असतात.