लॅटिनमधील धातुसाधित विशेषणे

धातूपासून घडलेले, पण नामाप्रमाणे लिंग, वचन आणि विभक्ती स्वीकारणारे जे विशेषण, त्याला मराठी व्याकरणात धातुसाधित विशेषण म्हणतात. पाणिनीय परंपरा त्याची गणना कृदंतांत करते, तर रोमन वैयाकरणांनी ते नाम आणि क्रियापद या दोहोंत वाटा असलेले मानून त्याला ‘पार्टिसिपियम’ हे नाव दिले आणि आठ शब्दजातींत स्वतंत्र स्थानही दिले. लॅटिनमध्ये अशी रूपे मोजकीच आहेत: ‘आमान्स’ म्हणजे प्रेम करणारा, ‘आमातुस’ म्हणजे ज्यावर प्रेम केले गेले असा, ‘आमातूरुस’ म्हणजे प्रेम करणार असलेला आणि ‘आमांदुस’ म्हणजे ज्यावर प्रेम केले पाहिजे असा. यांपैकी पहिल्या दोन रूपांचे संस्कृतातील ‘शतृ’ व ‘क्त’ प्रत्ययांशी उघड नाते आहे; लॅटिन ‘नोतुस’ आणि संस्कृत ‘ज्ञात’ हे एकाच मुळाचे आहेत.

या कोष्टकातील रिकामी घरे मात्र भरलेल्या घरांइतकीच बोलकी आहेत. ‘जिंकलेला’ हा अर्थ कर्मणी देता येतो, पण ‘ज्याने जिंकले आहे असा’ हे सांगणारे कर्तरी भूतकालवाचक विशेषण बहुतेक लॅटिन धातूंना नाही, जे ग्रीकमध्ये सर्रास आढळते. रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी असणारे काही धातू ही उणीव भरून काढतात. एरवी ‘उर्बे काप्ता’, म्हणजे ‘शहर जिंकले गेले असता’, अशी संस्कृतातील सति सप्तमीची आठवण करून देणारी, पण अपादानाची विभक्ती वापरणारी रचना करावी लागते. सीझरच्या युद्धवृत्तांतांचा आटोपशीरपणा पुष्कळसा या रचनेवर उभा आहे; भाषेतील उणिवेतूनही शैली घडते, ती अशी.

‘आमांदुस’ या चौथ्या रूपाची व्युत्पत्ती वादग्रस्त असली, तरी कर्तव्य सांगण्याचे त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. इ.स.पू. 149 मध्ये निधन पावलेल्या काटोच्या नावावर चालणारे ‘कार्थेज नष्ट केलेच पाहिजे’ हे वाक्य लॅटिनमध्ये याच रूपावर तोलले जाते. या रचनेत कर्ता चतुर्थीत येतो. संस्कृतातील ‘तव्य’प्रत्ययान्त रूपाबरोबर तो सामान्यतः तृतीयेत वा षष्ठीत असतो, त्यामुळे ‘मला पत्र लिहायचे आहे’ म्हणणारी मराठी येथे संस्कृतपेक्षा लॅटिनला जवळची ठरते, मग हे साम्य वंशागत नसले तरी.

‘अजेंडा’ म्हणजे करावयाच्या गोष्टी, हे याच रूपाचे नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि ‘प्रोपगंडा’ हे त्याचे स्त्रीलिंगी रूप, कारण 1622 मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या धर्मप्रसारक मंडळाच्या नावात ते ‘श्रद्धा’ या अर्थाच्या स्त्रीलिंगी नामाचे विशेषण होते. पुढे नाम गळाले आणि विशेषण एकटेच उरले. गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउश द कास्त्रु याच मंडळाच्या पाठिंब्याने 1637 मध्ये बिशप झाले आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले. धर्माधिकाऱ्यांच्या नेमणुकांवर आपला हक्क सांगणाऱ्या गोव्यातील पोर्तुगीजांनी मात्र त्यांचा अधिकार मानला नाही.