बसल्या फांदीवरचा घाव : महावृक्ष उतरविण्याच्या कौशल्याचे स्वरूप

कालिदासाविषयीच्या आख्यायिकांपैकी एक आख्यायिका भारतातील बहुतेक भाषांमध्ये सांगितली जाते. विदुषी राजकन्येकडून अपमानित झालेले पंडित तिच्यासाठी एखादा महामूर्ख वर शोधत हिंडतात आणि त्यांना ज्या फांदीवर बसला आहे तीच फांदी तोडणारा एक तरुण आढळतो. मूर्खपणाचा याहून मोठा पुरावा त्यांना आवश्यक वाटत नाही. तुर्की परंपरेतील नस्रुद्दीन होजाच्या कथांमध्येही हाच प्रसंग येतो. तेथे एक वाटसरू त्याला 'तू पडशील' असे बजावतो. होजा पडतो, त्या वाटसरूला भविष्यवेत्ता समजतो आणि त्याच्यामागे धावत जाऊन आपल्या मरणाची वेळ विचारू लागतो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आर्ने-थॉम्प्सन-उथर सूचीत, या कथाप्रकाराला १२४० हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. भिन्न भाषा आणि भिन्न धर्मपरंपरा असलेल्या समाजांनी मूर्खाचे एकच लक्षण निवडावे, ही गोष्ट तुलनात्मक अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

या कथेमागे एक गृहीतक आहे. शहाणा मनुष्य आपल्या आधारावर घाव घालीत नाही, असे ते गृहीतक होय. एक व्यवसाय मात्र असा आहे, की ज्यात कुशल मनुष्याला रोज नेमके हेच करावे लागते. महावृक्षावर चढून तो वरून खाली तुकड्या-तुकड्यांनी उतरविणारे आरोहक ज्या खोडावर उभे असतात तेच खोड कापीत खाली येतात. काम संपते तेव्हा त्यांच्या पायाखाली झाड उरलेले नसते, जमीन असते. हे काम कोणत्या ज्ञानावर उभे आहे, हे पाहिल्यास उपर्युक्त कथाप्रकाराचा अर्थही वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. प्रस्तुत लेखात या ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. तोडणे आणि उतरविणे

मोकळ्या जागेतील झाड बुंध्याशी कापून आडवे पाडता येते. ज्या बाजूला पाडावयाचे त्या बाजूस बुंध्यावर पाचरीच्या आकाराची खाच घेतात आणि मग विरुद्ध बाजूने करवत चालवितात. दोन्ही छेदांच्या मध्ये लाकडाची एक अरुंद पट्टी न कापता राखलेली असते. ही पट्टी बिजागरीसारखे काम करते आणि पडणाऱ्या झाडाला दिशा देते. झाड पाडण्याचे बरेचसे शास्त्र या न कापलेल्या पट्टीत सामावलेले आहे. ती फार जाड राहिली तर झाड हटत नाही, आणि पूर्ण कापली गेली तर ते कोणत्याही दिशेने जाऊ शकते.

वृक्ष दोन इमारतींच्या मध्ये, विजेच्या तारांजवळ किंवा छपरावर झुकलेला असेल, तर आडवे पाडण्यास जागाच नसते. अशा वेळी त्याला वरून सुटे करावे लागते. या लेखात या क्रियेसाठी 'उतरविणे' हा शब्द योजला आहे. तोडण्यात झाड एकदाच पडते. उतरविण्यात ते शंभर वेळा पडते आणि प्रत्येक पडण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

२. वृक्षाचे वाचन

अनुभवी आरोहकाचे काम चढण्यापूर्वी सुरू होते. तो झाडाभोवती फिरून प्रथम बुंधा पाहतो. मुळांपाशी अळंबी उगवली असेल, तर आतले लाकूड कुजत असल्याची ती खूण असू शकते. बुंध्याच्या एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली असेल, तर मुळांची पकड सुटत चालली आहे असा अर्थ निघतो. लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकणे ही जुनी रीत आजही उपयोगी पडते. भरीव लाकडाचा आणि ढोलीचा नाद निराळा असतो. दोन मोठ्या फांद्या जेथे अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढलेल्या असतात, तेथे त्यांच्या मध्ये साल दबून राहते आणि तो सांधा दिसतो त्यापेक्षा दुबळा असतो. दोर अडकविण्यासाठी असा बेचका निवडणारा मनुष्य पहिलीच चूक करतो.

झाडाचा कल ही दुसरी महत्त्वाची खूण होय. कललेले खोड स्वतःला सावरण्यासाठी विशेष प्रकारचे लाकूड तयार करते. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांत ते कलाच्या खालच्या बाजूला तयार होते आणि दाब सोसते. रुंद पानांच्या वृक्षांत ते वरच्या बाजूला तयार होऊन ताण सोसते. बाहेरून शांत दिसणाऱ्या खोडात अशा रीतीने अनेक वर्षांचा ताण साठलेला असतो. करवत लागताच तो मोकळा होतो. कललेले खोड मागून कापताना छेद पुरा होण्याआधीच ते उभे चिरत जाण्याचा धोका असतो. आरोहकाच्या कमरेचा पट्टा खोडाभोवती आवळलेला असल्यामुळे चिरून फुगणारे खोड त्याला पट्ट्यासह चिरडू शकते. या व्यवसायातील अत्यंत भयावह अपघातांत त्याची गणना होते.

३. आधाराची व्यवस्था

चढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत बुटांना बांधलेले अणकुचीदार लोखंडी काटे खोडात रुतवून आणि कमरेचा दोर खोडाभोवती वर सरकवीत आरोहक चढतो. हे काटे सालीखालच्या वाढीच्या जिवंत थराला जखमा करतात. म्हणून जे झाड राखावयाचे आहे त्यावर ते वापरू नयेत, असा या व्यवसायाचा दंडक आहे. काढून टाकावयाच्या झाडावर मात्र ते चालतात. दुसऱ्या पद्धतीत वजनदार लहान पिशवी बांधलेली बारीक दोरी उंच बेचक्यावरून फेकतात, तिच्या साहाय्याने चढण्याचा दोर ओढून घेतात आणि दोरावरील सरकत्या गाठीच्या आधाराने वर जातात. भार पडताच ही गाठ आवळते आणि भार काढताच सरकते. अशा गाठींपैकी सर्वांत प्रसिद्ध गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३१ मध्ये मांडली. पर्वतावरची गाठ झाडावर आली आणि तेथे तिची अनेक रूपे विकसित झाली.

यांत्रिक करवत चालविताना एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आधार असावेत, हा दुसरा दंडक आहे. करवतीची साखळी दोराला केवळ स्पर्शून गेली तरी तो तुटू शकतो. कमरेच्या दोरात पोलादी तार गुंफण्याची प्रथा याच भीतीतून आली.

४. क्रमाचे तर्कशास्त्र

कोणती फांदी आधी आणि कोणती नंतर, या प्रश्नाचे उत्तर शेवटाकडून मिळते. सर्वांत शेवटी आपण कशाला बांधलेले असू, हे आरोहक आधी ठरवितो आणि तेथून उलट मोजत पहिल्या घावापर्यंत येतो. विस्तीर्ण माथ्याच्या वृक्षात तो मधला, उंच व निरोगी बेचका आपल्यासाठी राखून ठेवतो आणि त्या आधाराने बाहेरच्या फांद्यांवर जाऊन त्या एकेक करून कमी करतो. राखलेली फांदी सर्वांच्या नंतर जाते. सरळ उंच सूचिपर्णी वृक्षात तो चढतानाच बाजूच्या फांद्या छाटीत जातो, वर पोहोचून शेंडा पाडतो आणि मग उघडे खोड तुकड्यांनी कापीत खाली येतो.

प्रत्येक फांदीला स्वतःचा तोल असतो. दोर फांदीच्या बुडाकडे बांधला तर तिचा शेंडा आधी खाली झुकतो. शेंड्याकडे बांधला तर बूड आधी खाली येते. खाली छप्पर आहे की कुंपण, यावर ही निवड ठरते. जड फांदीला आधी खालून अर्धवट छेद देतात आणि मग वरून कापतात. केवळ वरूनच कापत गेल्यास ती स्वतःच्या वजनाने झुकून सालीची व लाकडाची लांब पट्टी ओरबाडीत खाली लोंबते, आणि ती पट्टी कापणाऱ्याच्या पायापर्यंत पोहोचू शकते.

वजनाचा अंदाज हा या क्रमाचा पाया होय. ओल्या लाकडाचे वजन ढोबळमानाने घनमीटरला एक टन धरले, तर ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका सुमारे २८० किलो भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते. खोड जाड होत जाईल तसे तुकडे आखूड करावे लागतात, त्याचे कारण हे आहे.

५. दोराचे दुसरे टोक

आरोहकाकडे पाहणाऱ्याला तो एकटा दिसतो; परंतु त्याचे निम्मे काम जमिनीवर चाललेले असते. तुकडा बांधलेला दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला किंवा बुंध्याशी बांधलेल्या धातूच्या नळकांड्याला वेढे घेतो. या वेढ्यांच्या घर्षणामुळे खालचा मनुष्य शेकडो किलोंचा भार हाताने आवरू शकतो. त्याच वेळी कप्पीच्या बांधणीवर मात्र तुकड्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण तेथे दोराच्या दोन्ही बाजू खाली ओढत असतात.

उघडे खोड कापताना परिस्थिती अधिक बिकट होते. तेव्हा कप्पी छेदाच्या खाली बांधावी लागते. तुकडा कप्पीच्या वरून सुटतो, पडताना वेग घेतो आणि दोर ताणला जाताच हिसका बसतो. हा हिसका तुकड्याच्या वजनाच्या कित्येक पट असू शकतो; आणि आरोहक त्याच खोडाला बांधलेला असतो. खालच्या मनुष्याने दोर क्षणभर सरकू देऊन हळूहळू आवळला, तर हिसका विरून जातो. त्याने तो एकदम आवळला, तर खोड वरच्या मनुष्यासह हादरते. वरच्याचे प्राण अशा वेळी खालच्याच्या तळहातांत असतात. दोघांमधील संवाद म्हणूनच ठराविक आणि त्रोटक असतो. वरून इशारा, खालून प्रतिसाद, आणि प्रतिसाद ऐकू आल्यावाचून छेद पुरा करावयाचा नाही. वरचा मनुष्य जखमी झाल्यास चढून त्याला खाली आणू शकणारा निदान एकजण जमिनीवर असावा, अशीही अपेक्षा असते. १९२४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेच्या आरोहण स्पर्धांत म्हणूनच वेगाने चढण्याइतकेच महत्त्व झाडावरून सुटका करण्याच्या कौशल्याला आहे.

६. उंचीवरचे पूर्वसूरी

या कौशल्याची एक ठळक परंपरा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जंगलांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडली. तेथे डग्लस फरचा एखादा उंच वृक्ष निवडून, त्याच्या फांद्या छाटून व शेंडा उडवून त्याचा डोलकाठीसारखा उपयोग करीत. त्यावरून ओढलेल्या तारांनी जंगलातले ओंडके खेचले जात. शेंडा कापणारा आरोहक काटे, कुऱ्हाड, करवत आणि एक दोर एवढ्याच साधनांनिशी चढे. शेंडा सुटताना खोडाला मागे रेटी आणि उरलेले खोड त्याला घेऊन जोराने झोके घेई. पुढे पोलादी मनोरे आले आणि या आरोहकांची गरज संपत गेली.

भारतात झाडावर चढण्याचे ज्ञान प्रामुख्याने ताडामाडांशी निगडित राहिले. गोव्यातील नारळ उतरविणारे पाडेली आणि सुरा काढणारे रेंदेर हे त्याचे परिचित वाहक होत. त्यांचे चढणे झाड जगविण्याच्या बाजूचे असते. त्याच झाडावर त्यांना पुन्हा यावयाचे असते. शहरातील महावृक्ष उतरविण्याचे काम मात्र पुष्कळदा कंत्राटी मजुरांकडे जाते आणि त्यांची साधने साधा दोर, कोयता व करवत एवढीच असतात. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा किंवा दिल्लीचा १९९४ चा कायदा झाड तोडण्याच्या परवानगीचा विचार करतो. परवानगी मिळालेल्या झाडावर चढणाऱ्या मनुष्याचे ज्ञान मात्र त्याच्या हातांत आणि साथीदारांच्या हाकांत राहते. ते लिहिले जात नाही, म्हणून ते ज्ञान म्हणून ओळखलेही जात नाही. आणि जे ज्ञान मानले जात नाही, त्याच्या अभावी झालेला मृत्यू दैवावर लोटणे सोपे जाते.

७. मूर्ख आणि कुशल

हस्तकौशल्याला विचाराचा दर्जा देणाऱ्या प्राचीन कथांत च्वांग्त्सु या चिनी ग्रंथातील बैल सोलणाऱ्या आचाऱ्याची कथा प्रसिद्ध आहे. सांध्यांमधील पोकळी ओळखून सुरी फिरविल्यामुळे एकोणीस वर्षांतही त्याच्या सुरीची धार गेलेली नसते. वृक्ष उतरविणाराही अशाच पोकळ्या, सांधे आणि ताण वाचीत असतो. दोघांत भेद एवढाच, की आचाऱ्यासमोरचा बैल मृत आहे आणि आचारी स्वतः जमिनीवर उभा आहे. आरोहक ज्याचे विच्छेदन करतो त्यावरच उभा असतो. त्याचे वाचन चुकले, तर धार बोथट होऊन भागत नाही.

या दृष्टीने १२४० क्रमांकाच्या कथेकडे पुन्हा पाहता येते. कथेतील तरुणाजवळ दोन गोष्टी नाहीत. या घावानंतर आपण कशाच्या आधारावर असू, याचा विचार त्याने केलेला नाही. आणि दोराचे दुसरे टोक धरणारा सोबतीही त्याला नाही. होजाच्या कथेतील वाटसरू खालून पाहतो आणि योग्य इशारा देतो, परंतु इशारा देऊन तो निघून जातो. होजा त्याला भविष्यवेत्ता मानतो, हा कथेतला विनोद. वास्तविक वाटसरूने भविष्य सांगितलेले नसते. त्याने केवळ भार आणि आधार यांचा संबंध पाहिलेला असतो. वृक्षारोहकांच्या व्यवसायात हाच संबंध प्रत्येक छेदापूर्वी पाहिला जातो, आणि इशारा देणारा मनुष्य काम संपेपर्यंत जागचा हलत नाही.

फांदी तोडणाऱ्याला पाहून हसणारी कथा जमिनीवर उभ्या असलेल्यांनी रचली आहे, असे म्हणता येईल. वर असलेल्याची बाजू सांगणारी कथा याच लोककथांच्या शेजारी शोधण्यास वाव आहे. पाडेली, रेंदेर, जंगलतोडीचे मजूर आणि शहरांतील फांद्या छाटणारे यांच्या बोलींतील गाठींची नावे, इशाऱ्यांचे शब्द आणि अपघातांच्या आठवणी हे त्या शोधाचे साहित्य होय. यंत्रे आणि उचलयाने हे काम हाती घेत असताना ते साहित्य संकलित होणे अगत्याचे आहे.