घरची पीसीबी : दहा पाट्यांचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरी तराजू, खातेवही आणि तिजोरी नांदावयाची, असा आजवरचा प्रघात. परंतु बेळगावातील आमच्या माडीवर गेल्या पावसाळ्यात तांब्याच्या पाट्या, रसायनाचे तबक व इस्त्री यांचा संसार थाटला गेला. पाण्याची टाकी भरताच वाजणारी घंटी चिरंजीवांनी तयार केली होती. ओळखीच्या एका व्यापाऱ्यांनी तिचे दहा नग मागितले. त्या निमित्ताने आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते वाचकबंधूंपुढे ठेवीत आहोत.

तारांच्या गुंत्याऐवजी छापील तांब्याच्या रेषांवर रेडिओ चालविण्याची कल्पना व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये प्रत्यक्षात आणली. आज तीच विद्या घरातही साधते. काचतंतूच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या पाटीवर बहुधा ३५ मायक्रॉन तांब्याचा पापुद्रा असतो. आराखडा लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापून, घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर पालथा घालावा व गरम इस्त्री दाबावी. टोनर वितळून तांब्यास चिकटतो. कागद भिजवून सोलावा आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवीत ठेवावी. उघडे तांबे विरघळते, टोनरखालचे उरते. मग ॲसिटोनने टोनर पुसून, भोके पाडून, सोल्डरचा डाख द्यावयाचा.

एवढे सोपे असूनही आमच्या दहाही पाट्या फुकट गेल्या! आराखडा वरच्या बाजूने, पाटीतून आरपार पाहिल्यासारखा काढलेला होता. कागद पालथा घालताच तो आपोआप उलटतो. चिरंजीवांनी ऐकीव माहितीवरून छापतानाच तो आणखी एकदा उलटविला. परिणामी आठ पायांच्या आयसीचे पाय चुकीच्या भोकांत जाऊ लागले. माल द्यावयास दोन दिवस उरलेले.

“अप्पा, पाय उलटे वाकवून बसवितो. डबी बंद झाल्यावर कोण पाहणार?”

“आपण पाहिले ना!” एवढेच आम्ही बोललो.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः चिरंजीवांसह ग्राहकांकडे गेलो, चूक सांगितली व आठ दिवसांची मुदत मागितली. त्यांनी ती दिली. पुढील खेपेस साध्या कागदावर छाप काढून, त्यावर आयसी ठेवून पाय जुळविले आणि मगच तांब्यास हात लावला. दहाही घंट्या वाजल्या.

आणखी एक खर्च नवख्यांच्या वहीत सहसा चढत नाही. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते व ते जलचरांस घातक ठरते. ते मोरीत ओतणे म्हणजे आपला खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर मांडणे होय. ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये, नाव लिहून, मुलांपासून दूर साठवावे आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवावे. काम करताना हातमोजे व चष्मा हवाच. धातूचे भांडे मात्र वर्ज्य.

नमुना एका दिवसात हाती येतो, हा घरच्या पाटीचा खरा नफा. मागणी वाढली की श्रमाचा भार तो नफा खाऊन टाकतो; तेव्हा काम कारखान्याकडे द्यावे. पहिल्या दहा बिघडलेल्या पाट्या आम्ही टाकल्या नाहीत. त्यांतील एक गादीजवळ टांगली आहे. चिरंजीव रोज तिच्याखाली बसून बिले लिहितात.