बावीस दाते कुठं गेले?

"पंक्चर का?" सिंहगडाच्या घाटात स्कूटरवरच्या काकूंनी विचारलं. सायकल हातात धरून चालताना मी "हो" म्हणालो. चक्क खोटं. चाकांत हवा होती, चेन जागेवर होती, गिअर तर आठ दिवसांपूर्वीच बसवलेले, नवे कोरे. संपले होते ते माझे पाय.

सायकल जुनी, साडेसत्तावीस इंची चाकांची. आधी पुढे 42, 32 आणि 22 दात्यांच्या तीन चेनरिंग होत्या, मागे 11 पासून 32 दात्यांपर्यंत आठ चकत्या. तीन आठे चोवीस गिअर, असं विकताना सांगतात. प्रत्यक्षात त्यांतले बरेच एकमेकांची नक्कल असतात. पुढची मधली आणि मागची 24 ची चकती लावा, नाहीतर पुढची मोठी आणि मागची 32 ची, पायाला फरक जवळपास कळत नाही. त्यात चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा पुढचा डिरेलर पावसाळ्यात चिखलाने भरतो आणि दगडगोट्यांच्या उतारावर चेन उडते. म्हणून ठरवलं, पुढे एकच चेनरिंग ठेवायची आणि उरलेलं सगळं काम मागच्या कॅसेटवर, म्हणजे चकत्यांच्या संचावर, सोपवायचं.

ही पद्धत आता माउंटन बाइकवर रुळली आहे. 2012 साली स्रॅम कंपनीने एक्सएक्स वन हा संच आणला. मागे 10 ते 42 दात्यांच्या अकरा चकत्या आणि पुढे एकच चेनरिंग. त्या चेनरिंगचे दाते एक जाड, एक बारीक असे आलटून-पालटून असतात. चेनची एक कडी अरुंद आणि पुढची रुंद असते, त्यामुळे प्रत्येक दाता आपल्या मापाच्या कडीत घट्ट बसतो. म्हणूनच अशा चेनरिंगचे दाते 30, 32, 34 असे सम असतात. 2016 मध्ये त्याच कंपनीच्या ईगलने मागची मोठी चकती 50 वर नेली, 2018 मध्ये शिमानोच्या एक्सटीआरने 51 वर.

मी मात्र खर्चाकडे बघून 11 ते 42 ची कॅसेट घेतली आणि पुढे 32 ची चेनरिंग बसवली. हिशेब सोपा वाटला होता: आधी मागे 32 दाते होते, आता 42 झाले, म्हणजे चढ हलका होणारच.

घाटातून परतल्यावर सायकल घेऊन नेहमीच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या काकांनी मागची चकती बोटाने फिरवली, पुढची पाहिली आणि चष्म्यावरून विचारलं, "अहो, पुढं तुमचे बावीस होते ना? ते कुठं गेले?"

मग त्यांनी खडूने फरशीवरच भागाकार मांडला. पुढचे दाते भागिले मागचे दाते. जुना सर्वांत हलका गिअर 22 भागिले 32, म्हणजे 0.69. नवा 32 भागिले 42, म्हणजे 0.76. माझ्या चाकाचा घेर सुमारे 2.17 मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेरीत आधी सायकल दीड मीटर पुढे जायची, आता 1.65 मीटर जाते. पंधरा सेंटिमीटर फुकट कोण देतं? ते माझ्या मांड्यांकडून वसूल होत होते, साधारण नऊ किलोमीटरच्या घाटात, प्रत्येक फेरीला.

आता निवड उलट्या टोकाने सुरू झाली. कॅसेट किती मोठी, हा प्रश्न मागे पडला आणि 0.69 च्या खाली कसं जायचं, हा पुढे आला. चेनरिंग 30 ची केली तरी 42 बरोबर 0.71 येतं. त्याहून लहान बसत नाही, कारण माझ्या क्रँकच्या बोल्टांचं वर्तुळ 104 मिलिमीटरचं आहे. 11 ते 46 ची कॅसेट 30 बरोबर 0.65 देते, पण तिच्यात 37 नंतर एकदम 46 येते. जिन्याची शेवटची पायरीच दुप्पट उंच असावी, तसं. पाय भरून आलेले असताना नेमकी तिथेच लय मोडते. 10 दात्यांची चकती असलेल्या कॅसेट माझ्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर, बसत नाहीत; त्यांना वेगळ्या प्रकारचा फ्रीहब लागतो. शिमानोच्या डिओरमधली अकरा चकत्यांची 11 ते 51 मात्र जुन्याच फ्रीहबवर बसते. शेवटच्या चकत्या 39, 45, 51, म्हणजे पायऱ्या सारख्या. 32 बरोबर 0.63. ठरलं.

"एक बरंय, तुमचा फ्रीहब आहे," काका म्हणाले. स्वस्त सायकलींना आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असतं, त्यावर असली कॅसेट चढतच नाही. लोक आधी कॅसेट विकत घेतात आणि मग हब बघतात.

कॅसेटसोबत शिफ्टर, चेन आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलरही बदलावा लागला. काकांनी चेन सर्वांत मोठ्या चकतीवरून आणि चेनरिंगवरून, डिरेलरला वगळून, गुंडाळली, वर थोड्या कड्या ठेवल्या आणि मग तोडली. मोठ्या चकतीवर चेन नेऊन बी-स्क्रू थोडा-थोडा पिळला. वरची पुली चकतीला घासायला नको आणि फार लांबही जायला नको. शेवटी डिरेलरचा क्लच लावला. पिंजरा ताठ झाला, चेनची फडफड थांबली.

पुढच्या रविवारी सायकलवरून एकदाही न उतरता घाट चढलो. वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा, पण बूड खोगिरावर.

किंमत परतताना कळली. 42 भागिले 11 गेले, 32 भागिले 11 उरले. मिनिटाला नव्वद फेऱ्या मारल्या तर पूर्वी ताशी 45 किलोमीटर मिळायचे, आता 34. खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर तीन चेनरिंगच्या जुन्या सायकलींवरची कॉलेजची पोरं मागून आली आणि माझे पाय पंख्यासारखे फिरताना पाहून एकाने विचारलं, "काका, गिअर अडकला का?"

मी पुन्हा "हो" म्हणालो.