पूर्वानुभवाचा रकाना आमची मुले कोरा का सोडतात?

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुला-मुलींना आज ना उद्या इंटर्नशिपसाठी अर्ज करावाच लागतो. अर्ज रुग्णालयाचा असो, समुपदेशन केंद्राचा असो वा व्यसनमुक्ती केंद्राचा, त्यात ‘पूर्वानुभव’ नावाचा एक रकाना असतो. चंद्रपूर-गडचिरोलीतली आमची मुले हा रकाना बहुधा कोरा सोडतात. त्यांच्यापाशी अनुभव नसतो असे नाही. आपण जे केले त्यालाच अनुभव म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

मोठ्या शहरातला विद्यार्थी हा रकाना कसा भरतो? ओळखीच्या डॉक्टरच्या दवाखान्यात दोन महिने, एखाद्या नामांकित संस्थेत विनावेतन तीन महिने. घरचे भाडे भरतात, घरचे जेवण मिळते. सिरोंच्याहून गडचिरोलीला यायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. तिथल्या मुलीने नागपूर-पुण्यात खोली घेऊन फुकट काम कोणाच्या भरवशावर करायचे? विनावेतन इंटर्नशिप ही दिसायला सर्वांना खुली असते. प्रत्यक्षात ती एक चाळणी आहे. त्या चाळणीतून कोण खाली पडतो, हे चळवळीच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामावर वर्ष घालवून ज्याने शिक्षणाचा खर्च काढला, त्याला मुलाखतीत विचारले जाते : ‘मध्ये गॅप का?’ कष्टाच्या वर्षाला जिथे ‘गॅप’ म्हणतात, तिथे अनुभवाची व्याख्या कोणी केली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता आमच्या मुलांजवळ काय आहे ते पाहू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या काळात गावोगावच्या तरुणांनी दारू सोडू पाहणाऱ्या माणसाशेजारी रात्री जागून काढल्या आहेत. वाघाच्या हल्ल्यात माणूस गमावलेल्या घरी आठवडेच्या आठवडे जाऊन बसणारे आमचेच कार्यकर्ते असतात. वसतिगृहात पहिल्यांदा घर सोडून आलेल्या लहान पोराला रडताना जवळ घेणारा मोठा विद्यार्थी आमचाच असतो. गोंडी-माडिया बोलणाऱ्या आजीचे दुखणे मराठी डॉक्टरला समजावून सांगणारी नातही आमचीच असते. हे मानसशास्त्राचे काम नाही तर काय आहे?

कोणी म्हणेल, ही भावनेची भाषा झाली. तर पुरावा घ्या. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मनाच्या आजारांबाबतही तसेच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक नेमले गेले. तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांची भाषा आणि लोकांचा विश्वास ही या कामातली खरी भांडवली आहे, आणि ती आमच्या मुलांकडे जन्मापासून आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या आरोग्यदूतांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मागे प्रशिक्षण होते, तज्ज्ञांची देखरेख होती. नुसता अनुभव म्हणजे पात्रता नव्हे. रात्रभर कोणाशेजारी बसलो म्हणून आपण उपचारक झालो, असे समजणे रुग्णासाठी धोक्याचे आहे. म्हणूनच तर इंटर्नशिप हवी. अनुभवाला शास्त्राची जोड तिथे मिळते.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी काय करावे? ‘समाजसेवेची आवड आहे’ असले वाक्य लिहू नये. कुठल्या गावात, किती महिने, आठवड्याला किती तास, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, नेमके काय केले, हे लिहावे. काय शिकलो आणि कुठे आपले ज्ञान अपुरे पडले, हेही लिहावे; जाणत्या निवडकर्त्याला तेच वाचायचे असते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक, वसतिगृहाचे गृहपाल यांच्याकडून कामाचे पत्र त्याच वेळी मागून घ्यावे. रोजची वही ठेवावी, पण ज्यांच्यासोबत काम केले त्यांची नावे अर्जात वा मुलाखतीत कधीही सांगू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. आणि पैसे भरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या नादी लागू नये. दोन प्रश्नांत ते उघडे पडते.

संस्थांकडेही आमची मागणी आहे. इंटर्नला विद्यावेतन द्या. गोंडी, माडिया येणाऱ्या उमेदवाराला त्याचे गुण द्या. गावातल्या कामाचा अनुभव दवाखान्यातल्या अनुभवाच्या बरोबरीने मोजा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर वर्गांना ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने हे प्रशिक्षण याच दोन जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांत, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत उभे करावे. मुलांनी अनुभवासाठी जिल्हा का सोडावा?

हा केवळ नोकरीचा प्रश्न नाही. २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. आमची मुले मोठ्या संस्थांत एकटी पडतात तेव्हा त्यांच्यासमोर बसणाऱ्या समुपदेशकाला जात म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर तो त्यांच्या दुःखाला ‘अतिसंवेदनशीलता’ म्हणून मोकळा होईल. त्या खुर्चीत आमची माणसे बसली पाहिजेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चांद्याच्या भूमीवर बाबासाहेबांनी ज्या धम्माची दीक्षा दिली, त्या धम्माने मनाला केंद्रस्थानी ठेवले आहे. त्या भूमीतल्या मुलांनी मनाच्या शास्त्रात मागे राहू नये. पूर्वानुभवाचा रकाना त्यांनी ताठ मानेने भरावा.