शीतयुद्ध संपलेच नसते तर... सैन्य त्यांचे, शिपाई कोणाचा?

लष्करी विषयांवर लिहिणारे लोक अधूनमधून एक कल्पना रंगवतात. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला नसता, अमेरिका आणि रशिया यांचे शीतयुद्ध आजही चालू असते, तर आजची सैन्ये कशी दिसली असती? मग विमानांची, पाणबुड्यांची, क्षेपणास्त्रांची चित्रे काढली जातात. पाहणाऱ्याला मौज वाटते. परंतु त्या विमानाखाली उभा असलेला शिपाई कोणाच्या घरातला आणि त्या पाणबुडीचा पैसा कोणाच्या ताटातला, हे त्या चित्रांत कधीच दिसत नाही. फुले-आंबेडकरी विचाराने आम्हाला हाच प्रश्न आधी विचारायला शिकवले आहे. म्हणून हा विषय आपला नाही असे म्हणून पान उलटू नये, ही वाचकांना विनंती.

कागदावर तयार असलेले सैन्य

ही कल्पना अगदीच हवेतली नाही. त्या सैन्याचे आराखडे तयार होते, काही ठिकाणी कारखान्यांत कामही सुरू झाले होते. अमेरिकेला रडारला चकवणारी १३२ बी-२ बॉम्बफेकी विमाने बांधायची होती. शीतयुद्ध संपले आणि २१ वरच काम थांबले. विकासाचा खर्च धरला तर त्या एकेका विमानाची किंमत सुमारे दोन अब्ज डॉलर पडली. सीवुल्फ जातीच्या २९ अणुपाणबुड्या बांधायच्या होत्या, बांधल्या गेल्या तीन. अध्यक्ष रेगन यांच्या काळात ६०० युद्धनौकांचे आरमार उभारण्याचा निर्धार झाला होता आणि १९८७ पर्यंत ते जवळजवळ उभे राहिलेही होते. आज त्याच्या निम्म्याही नौका नाहीत. त्या वेळी अमेरिकेचे २१ लाखांहून अधिक लोक गणवेशात होते, आज ते सुमारे १३ लाख आहेत.

सोव्हिएत बाजूची तयारीही कमी नव्हती. तेथील सैन्य पन्नास लाखांच्या घरात होते. 'उल्यानोव्स्क' या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेचा सांगाडा १९८८ पासून युक्रेनमधील गोदीत उभा राहत होता. देशच उरला नाही तेव्हा १९९२ साली तो कापून भंगारात काढला गेला. त्याच गोदीत अर्धवट राहिलेली 'वर्याग' चीनने घेतली आणि २०१२ साली ती 'लिआओनिंग' नावाने चिनी आरमारात आली. सोव्हिएत आरमाराची 'गोर्शकोव्ह' भारताने घेतली, तीच २०१३ पासून आपली 'विक्रमादित्य'. म्हणजे शीतयुद्ध संपले नसते तर आशियाच्या समुद्रातील या दोन्ही नौकांवर आज बहुधा सोव्हिएत झेंडाच फडकत असता!

अण्वस्त्रांचा हिशेब तर अंगावर काटा आणणारा आहे. १९८६ साली जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. ही १२,००० सुद्धा मानवजातीचा सर्वनाश करायला पुरेशी आहेत, हे खरेच. पण शीतयुद्ध चालू राहिले असते तर त्या ७०,००० ना आजच्या वेगवान संगणकांची जोड मिळाली असती. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संगणकाने अमेरिकेची क्षेपणास्त्रे सुटल्याची सूचना दिली होती. कामावर असलेल्या स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने यंत्रावर विश्वास न ठेवता ती सूचना खोटी असल्याचे वर कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. एका माणसाचा विवेक जागा होता म्हणून जग वाचले. माणसाला विचार करायला ती काही मिनिटेही मिळू नयेत, अशी यंत्रे त्या कल्पनेतल्या सैन्याकडे असती.

हे सैन्य थांबवले कोणी?

दोन्ही महासत्तांना अचानक करुणा सुचली, असे झाले नाही. सोव्हिएत खजिना रिकामा झाला होता हे एक कारण. दुसरे कारण कायदा. वकिलीचा व्यवसाय करणारे आम्ही या दुसऱ्या कारणाकडे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

डिसेंबर १९८७ च्या कराराने दोन्ही देशांनी मध्यम पल्ल्याची एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली. अमेरिकेची ८४६, सोव्हिएत संघाची १,८४६. नोव्हेंबर १९९० च्या पॅरिस कराराने युरोपात प्रत्येक गटाला २०,००० रणगाड्यांची मर्यादा घातली. जुलै १९९१ च्या कराराने लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांना कात्री लागली. आणि हे सर्व तोंडी आश्वासनांवर चालले नाही. वोत्किन्स्कच्या सोव्हिएत कारखान्याच्या दारात अमेरिकन तपासनीस बसले आणि अमेरिकेतील यूटा राज्यात मॅग्ना येथील कारखान्याच्या दारात सोव्हिएत तपासनीस बसले.

आपल्याकडे दोन भाऊबंदांचा बांधावरून वाद होतो. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. तरीही मोजणीदार येतो, दोघांसमोर साखळी टाकतो, खुणेचे दगड रोवतो आणि कुऱ्हाडी घरात राहतात. करार म्हणजे प्रेम नव्हे, अविश्वासू पक्षकारांमधला तो लेखी बंदोबस्त असतो.

आंबेडकरी वाचकाला हे नवीन वाटू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत असे सांगितले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला आणि सिद्धार्थाने संघात उभे राहून त्याला विरोध केला. दोघांनी आपापली दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, असा त्याचा प्रस्ताव होता. तो बहुमताने फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी सेनापतीने वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याची सक्तीची सैन्यभरती मांडली. पुढचा इतिहास आपण जाणतो. लवाद की सक्तीची भरती, हाच प्रश्न अडीच हजार वर्षांनी दोन महासत्तांसमोर उभा होता.

शिपाई कोणाचा?

आता त्या चित्रात न दिसणाऱ्या माणसाकडे वळू. लाखोंचे सैन्य पोसायचे तर लाखो देह लागतात. ते कोठून येतात?

व्हिएतनाम युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी १९६६ साली 'एक लाखांची योजना' काढली. भरतीच्या परीक्षेत जे नापास ठरत होते, त्यांना कसोट्या सैल करून आत घेतले गेले. अशा रीतीने साडेतीन लाखांच्या आसपास तरुण भरती झाले. गरिबांच्या उद्धाराची योजना म्हणून तिचा गाजावाजा झाला. त्यातील सुमारे ४० टक्के तरुण कृष्णवर्णीय होते, जेव्हा देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास होते! शाळेत ज्याला बाकावर जागा मिळाली नाही, त्याला खंदकात मात्र जागा मिळाली. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी या युद्धाविरुद्ध उघड आवाज उठवला, तेव्हा गरिबांसाठीचा पैसा आणि गरिबांची मुले दोन्ही युद्ध गिळते आहे, हाच त्यांचा मुद्दा होता.

समतेचा जयघोष करणाऱ्या सोव्हिएत सैन्यात तरी समता होती काय? मध्य आशियातील उझबेक, ताजिक, तुर्कमेन तरुणांचा मोठा भरणा बांधकाम पलटणींत केला जाई. त्यांच्या हाती बंदुकीऐवजी फावडे येई. जुन्या शिपायांनी नव्यांना मारझोड करून राबवून घेण्याची पद्धत इतकी माजली, की १९८९ साली शिपायांच्या मातांना स्वतःची समिती स्थापन करावी लागली. गणवेश एक, पण पायऱ्या वेगळ्या. पायऱ्यांची ही रचना आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आपला अनुभवही हाच आहे. महारांची लष्करभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असली की शूर शिपाई, गरज सरली की अस्पृश्य!

आणखी एक गोष्ट. दक्षिण आफ्रिकेचे वर्णभेदी सरकार साम्यवादाविरुद्धची तटबंदी म्हणून पश्चिमेकडून दीर्घकाळ सांभाळले गेले. त्याने सहा अणुबाँबही बनवले होते. दोन महासत्तांमधील ताण निवळला तेव्हाच १९८८ चा अंगोलाविषयीचा करार झाला, मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला तुरुंगाबाहेर आले. ते बाँबही मोडले गेले. हे सर्व श्रेय तेथील जनतेच्या लढ्याचेच आहे. परंतु शीतयुद्ध चालू असते तर त्या वर्णभेदी सैन्याला आणखी काही वर्षे आश्रयदाता मिळाला असता, यात आम्हाला शंका नाही.

बाबासाहेबांचा हिशेब

बाबासाहेब सैन्याच्या विरोधात नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. देशाच्या संरक्षणाची त्यांना पुरेपूर चिंता होती. परंतु ते हिशेब मागत. १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारच्या ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. चुकीच्या परराष्ट्र धोरणामुळे देशाला मित्र उरले नाहीत आणि त्याची किंमत आपण मोजतो, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीचा उठाव चिरडत होते आणि त्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडत होते. दुःख नष्ट करण्याचे ध्येय दोघांचे, पण बळजबरीने आणलेली समता बळ हटताच कोसळते, हा त्यांचा इशारा होता. १९९१ ने तो खरा केला.

कल्पना खरी होऊ लागली आहे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शीतयुद्ध संपलेच नसते तर, असे विचारताना आपण गृहीत धरतो की ते कायमचे संपले. पण त्याला रोखणारे कागद एकेक करून फाडले गेले आहेत. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांना मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या करारातून अमेरिका २००२ साली बाहेर पडली. १९८७ चा करार २०१९ साली संपला. पॅरिस करारातून रशिया २०२३ साली बाहेर पडला. लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरील २०१० च्या कराराचे पालन रशियाने २०२३ साली स्थगित केले. त्याची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती आणि पुन्हा वाढवण्याची तरतूद त्यात उरलेली नव्हती. २०१५ साली लिथुआनियाने, २०१७ साली स्वीडनने सक्तीची भरती पुन्हा सुरू केली, मग लॅटव्हियानेही केली. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगाने सैन्यावर २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले. तोवर नोंदवलेला तो सर्वांत मोठा आकडा होता.

आणि शिपाई? युक्रेनच्या युद्धात रशियाच्या बुर्यातिया आणि तुवा या गरीब प्रदेशांनी लोकसंख्येच्या मानाने फार मोठी प्राणहानी सोसली आहे. हे प्रदेश परंपरेने बौद्ध आहेत, हे आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. काल्मिकियाचे बौद्ध धर्मगुरू तेलो तुल्कू रिंपोचे यांनी या युद्धाला उघड विरोध केला. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने त्यांना 'परकीय हस्तक' ठरवले आणि त्यांनी पद सोडले. सेनापतीचा ठराव मंजूर झाल्यावर विरोध करणाऱ्याला घर सोडावे लागते, हे रोहिणीच्या काठापासून चालत आले आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. कल्पनेतल्या त्या अवाढव्य सैन्याचे कौतुक करू नका. ते सैन्य आणि आजचे सैन्य यांच्यामध्ये उभी होती ती काही करारांची भिंत, आणि त्या भिंतीच्या विटा निखळत आहेत. ती पुन्हा बांधा, असा आग्रह भारताने प्रत्येक आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर धरला पाहिजे. बुद्धाचे नाव जगात मिरवणाऱ्या देशाला तो शोभून दिसेल. आणि आपण, बाबासाहेबांच्या अनुयायांनी, युद्धाच्या प्रत्येक घोषणेसमोर दोनच प्रश्न विचारावेत: पैसा कोणाच्या ताटातला आणि शिपाई कोणाच्या घरातला? याचे उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.

जयभीम!